चारचौघं की साहेब?

मनाविरुद्ध वागायला जास्त कोण लावतं, बरोबरीची माणसं की वरचा माणूस? सॉलोमन ॲश आणि स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

ॲशने १९५१ मध्ये फक्त रेषांची लांबी ओळखायला सांगितली. उत्तर ढळढळीत दिसत होतं, पण आधी बोलणारी मंडळी (सगळी ॲशनेच पेरलेली) ठामपणे चुकीचं सांगायची. चारांतल्या सुमारे तिघांनी एकदा तरी त्यांची री ओढली. हुकूम नाही, शिक्षा नाही. उत्तर गुपचूप कागदावर लिहायची मुभा मिळाली की हे प्रमाण बरंच घसरायचं. म्हणजे डोळे शाबूत होते, धास्ती होती ती एकटं पडण्याची.

मिलग्रॅमकडे सरळ हुकूमच होता: पलीकडचा माणूस उत्तर चुकला की बटण दाबून त्याला विजेचा शॉक द्या, दर वेळी आधीपेक्षा जास्त. येल विद्यापीठात ४० पैकी २६ जणांनी ४५० व्होल्टपर्यंत बटणं दाबली. शॉक खोटे होते. दाबणाऱ्यांना फुटलेला घाम खरा.

मला ॲशचा निकाल जास्त खुपतो. साहेबाकडे निदान बोट दाखवता येतं.

उतारा मात्र दोन्हीकडे एकच निघाला. ॲशच्या खोलीत एक जण खरं बोलला की दुसऱ्यालाही कंठ फुटायचा. मिलग्रॅमच्या प्रयोगात दोन जोडीदारांनी नकार दिल्यावर शेवटपर्यंत गेले ४० पैकी अवघे ४.