कास्टिंग रॉडचे गाईड बदलल्यावर पावसाळाभराचा अनुभव : आधी पाय बघा, मग रिंग

मासेमारीच्या सात फुटी हेवी कास्टिंग रॉडचे सगळे गाईड, म्हणजे पाय, फ्रेम आणि दोरी ओवायची रिंग असलेल्या कड्या, काढून नवे बांधले, त्याला एक अख्खा पावसाळा आणि त्यापुढचा हंगाम झाला. वापर खाडीच्या तोंडावर आणि खडकांवर. तीस पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), चाळीस-पन्नास पौंडी लीडर (ब्रेडच्या टोकाला गाठ मारून जोडलेला जाड तुकडा), समोर जिताडा, तांबोशी, अधूनमधून गोबरा. ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ काठी, ठणठणीत होता. जुन्या गाईडच्या रॅपखाली, म्हणजे पाय ब्लँकला बांधणाऱ्या दोऱ्याखाली, मात्र आधी तपकिरी रेघ दिसली, मग त्यावरचं इपॉक्सी (राळेचा लेप) फुगलं आणि शेवटी रीलजवळच्या गाईडची फ्रेम पायाच्या वळणाशी मोडली. आठही रिंगा तोवर गुळगुळीत होत्या, एकीलाही चरा नव्हता. म्हणूनच हे लिहितोय. गाईड घेताना सगळी चर्चा रिंगच्या मटेरियलवर होते आणि आपल्या खाऱ्या, दमट किनाऱ्यावर गाईड मरतो तो पायातून.

आधी मापं. कास्टिंगचा संच म्हणून मागवलेल्या पाकिटातून 25, 20, 16 अशा उतरत्या रिंगा आल्या. ही स्पिनिंगची मापं. स्पिनिंग रीलवरून दोरी मोठे वेढे घेत सुटते, ते वेढे आवरायला पहिली रिंग मोठी आणि उंच लागते. बेटकास्टरची, म्हणजे कास्टिंग रॉडवरच्या आडव्या रीलची, दोरी लेव्हलवाइंडच्या (दोरी सारखी गुंडाळणाऱ्या सरकत्या भागाच्या) अरुंद फटीतून जवळजवळ सरळ येते, तिला 10 ची पहिली रिंग भरपूर झाली. मोठी रिंग लावली तर बिघडत काही नाही, पण वजन वाढतं आणि रॉड हातात मंद वाटतो. विक्रेत्याने ‘पाकीट उघडलंय’ म्हणून परत घ्यायला नकार दिला, महिनाभर निरोपांची देवाणघेवाण झाली आणि पैसे बुडाले ते बुडालेच. तेव्हा ‘कास्टिंग सेट’ या शब्दांवर विसंबू नका, प्रत्येक गाईडचं माप आणि पाय एक की दोन हे आधी लेखी मागा. शिवाय रिंगचं माप म्हणजे रिंगचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आतलं भोक त्याहून लहान असतं आणि रिंग जितकी जाड तितकं आणखी लहान.

शेवटी फुजी कंपनीचे सुटे गाईड घेतले : दोन पायांचे केडब्ल्यू प्रकारचे 10, 8, 6 प्रत्येकी एक, पुढे एका पायाचे केबी प्रकारचे 6 मापाचे सहा नग आणि टिप, म्हणजे रॉडच्या अगदी टोकावरची नळीची रिंग. फुजीच्या गाईडचा कोड वाचता आला की फसवणूक टळते. पहिलं अक्षर फ्रेमचं : टी टायटेनियम, बी काळा मुलामा दिलेलं स्टेनलेस. पुढे रिंगचं अक्षर येतं : ओ ॲल्युमिनियम ऑक्साइड, ए अल्कोनाइट (फुजीचं सिरॅमिक), एस एसआयसी (सिलिकॉन कार्बाइड). ब्रेडसाठी अल्कोनाइट पुरतं. एसआयसी जास्त कठीण आहे आणि उष्णताही लवकर वाहून नेतं, पण नऊच्या नऊ गाईडना ते लावणं म्हणजे उधळपट्टी. साध्या मुलामा दिलेल्या धातूच्या रिंगा तेवढ्या टाळा. वाळू आणि मिठाने माखलेला ब्रेड त्यांच्यात खाच पाडतो आणि तीच खाच पुढे ब्रेड कापते.

आता पायाकडे. हातात आल्यावर पहिली चाचणी लोहचुंबकाची. कडकन चिकटला तर ते साधं पोलाद किंवा हलक्या प्रतीचं स्टेनलेस, समुद्रासाठी बाद. हलकी ओढ जाणवली तर लगेच फेकू नका. 304 सारखं चांगलं स्टेनलेससुद्धा साच्यात दाबून वाकवलं की किंचित चुंबकीय होतं. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाच्या पाण्यात त्यावर बारीक खड्डे उशिरा पडतात. पण रॅपखाली अडकलेल्या खाऱ्या पाण्यात, जिथे हवा पोचत नाही तिथे, कुठलंच स्टेनलेस कायम टिकत नाही. स्टेनलेस शाबूत राहतं ते पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. तो थर दुरुस्त व्हायला ऑक्सिजन लागतो आणि बंद फटीत तोच संपतो. उघडी फ्रेम चकाकत असताना रॅपच्या आतला पाय गंजलेला सापडतो, त्याचं कारण हे.

ही फट तयार कुठे होते? दोरा ब्लँकवरून पायावर चढतो तेव्हा पायाच्या दोन्ही कडांना लांबट पोकळी राहते. पाय जितका जाड, तितकी पोकळी मोठी. म्हणून बांधण्याआधी पायाचं टोक वरून घासून कागदासारखं पातळ करायचं, म्हणजे दोरा पायरी न घेता सरळ चढतो. खालच्या बाजूला कारखान्यातला कंगोरा राहिलेला असतो, तो नखाला लागतो. तोही काढायचा, नाहीतर रॉड वाकला की तो ब्लँकमध्ये रुततो. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा : लोखंडावर वापरलेली कानस गाईडला लावू नका. तिच्यातले लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुतून बसतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. नवा 400 चा पॉलिश पेपर, मग 1000 चा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, आणि त्यानंतर पायाला बोट लावायचं नाही. काळ्या मुलाम्याच्या गाईडमध्ये घासलेला भाग उघडा पडतो, त्यामुळे तो गुळगुळीत करणं जास्तच गरजेचं.

जुना रॅप काढताना ब्लेड फक्त गाईडच्या पायावर, धातूच्या पाठीवर चालवायचं, ब्लँकवर कधीच नाही. ग्रॅफाइटवर एक बारीक चर पडली तरी जोर आल्यावर रॉड तिथेच मोडतो. हेअर ड्रायरने इपॉक्सी थोडं मऊ करा, पायावरून कापा, मग दोरा अंगठ्याने सोलून निघतो.

बांधणीसाठी एका पायाच्या गाईडना ‘ए’ मापाचा नायलॉन दोरा, दोन पायांच्यांना ‘डी’. एका पायाच्या गाईडवर शेवटचे तीन-चार वेढे फ्रेमच्या दांडीच्या पलीकडून घेतलेच पाहिजेत. त्या कुलुपाविना जोराच्या ओढीत पाय रॅपमधून सरकून बाहेर येतो. कलर प्रिझर्व्हर वापरला नाही. तो दोऱ्याचा रंग राखतो खरा, पण इपॉक्सीला दोऱ्यात मुरू देत नाही, आणि आपल्याला हवंय ते नेमकं मुरणंच. दोरा गडद दिसतो, दिसू दे.

इपॉक्सी दोन भागांचं, समान मापाचं, दोन वेगळ्या सिरिंजने प्रत्येकी 3 मिली. डोळ्याच्या अंदाजाने ओतलेलं मिश्रण आठवडाभर चिकट राहतं. दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळायचं आणि ॲल्युमिनियम फॉइलवर पसरून ठेवायचं, बुडबुडे आपोआप फुटतात. पहिला हात पातळ. याच वेळी पोकळीच्या तोंडाशी सुईच्या टोकाने थेंब थेंब सोडायचा आणि दुसऱ्या टोकातून बाहेर डोकावेपर्यंत सोडत राहायचं. टोकातून थेंब दिसला की पोकळी भरली. रॉड बांधण्यातली ही सगळ्यात कंटाळवाणी पाच मिनिटं, आणि गाईडचं आयुष्य त्यांच्यावर ठरतं. मोटर नसेल तर इपॉक्सी घट्ट होईपर्यंत दर चार-पाच मिनिटांनी रॉड पाव फेरा फिरवा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. जून ते सप्टेंबर कोकणात हे काम उघड्या पडवीत करू नये. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट, धुरकट साय धरते. खोली बंद, बाजूला एक पिवळा बल्ब, एवढ्याने फरक पडतो.

सुरुवातीला मत असं होतं की जिताड्याच्या रॉडला टोकापर्यंत दोन पायांचेच गाईड हवेत, एका पायाचे म्हणजे हौशी तळ्यातलं काम. काही महिन्यांच्या वापरानंतर ते मत टिकलं नाही. दोन पायांचा गाईड ब्लँकवर ताठ पट्टीसारखा बसतो. खालचा ब्लँक वाकतो, फ्रेम वाकत नाही, आणि सगळा ताण पायाच्या टोकावरच्या इपॉक्सीवर येतो. तिथे केसासारखी आडवी भेग पडली की खारं पाणी आत ओढलं जातं. सहाही एकपायी गाईडचे रॅप आजही काचेसारखे आहेत. भेग दिसली ती रीलकडून तिसऱ्या, दोन पायांच्या गाईडच्या रॅपला, जिथून ब्लँक खऱ्या अर्थाने वाकायला लागतो. तिच्यावर वेळीच इपॉक्सीचा पातळ हात दिल्याने पाणी शिरलं नाही. आता नव्याने बांधायचा तर रीलकडचे दोनच दोन पायांचे ठेवेन, बाकी सातही एकपायी. पैसेही वाचतात, टोकही हलकं होतं.

अंतरं या ब्लँकवर अशी बसली, टोकापासून सेंटिमीटरमध्ये : 10, 20.5, 32, 44.5, 58, 72.5, 88, 104.5, 122. रीलजवळचा गाईड रीलच्या तोंडापासून 53 सेंमीवर येतो, आणि 50 ते 55 मध्ये तो कुठेही चालतो. हे आकडे जसेच्या तसे उतरवू नका, प्रत्येक ब्लँकचा बाक वेगळा. गाईड आधी रबरी नळीच्या बारीक चकत्यांनी अडकवा, दोरी ओवा, टोक खाली बांधून रॉड काटकोनापर्यंत वाकवा आणि बाजूने बघा. कास्टिंग रॉडवर गाईड वरच्या बाजूला असल्याने दोन गाईडमध्ये दोरी ब्लँकला टेकते किंवा बाजूला घसरून खाली जाते. जिथे टेकेल तिथली अंतरं कमी करा. सात फुटांना नऊ गाईड आणि टिप याच कारणाने लागतात. आठात भागवलं की मधल्या वळणावर दोरी घासतेच. गाईड हळूहळू वळवत पोटाकडे नेणारी सर्पिल बांधणी हा दुसरा उपाय, रॉडची पिळण त्याने थांबते, पण ती फक्त ज्याला सवय आहे त्याने करावी.

पुढच्या एकपायी गाईडची रिंग 6 ची की 5.5 ची हा वाद ब्रेड आणि लीडर जोडणाऱ्या गाठीने सोडवावा. एफजी गाठ बारीक असते, पन्नास पौंडी लीडरसह 5.5 मधूनही जाते. पण खडकावर, भरतीच्या वेळी, ओल्या हाताने अल्ब्राइट मारायची वेळ येते आणि ती जाड गाठ 5.5 ला टकटकत जाते. त्या टकटकीत कास्ट तुटते, कधी लूरच (नकली आमिष) उडून जातो. 6 मध्ये दोन्ही गाठी निमूट जातात. या एका कारणासाठी वजनातला बारीक फरक सोसायला हरकत नाही. रिंग टोकाकडे झुकलेली बसवा, म्हणजे अडकू पाहणारा ब्रेडचा वेढा स्वतःच निसटतो.

महाग वस्तू एकच घ्या, टिप. दोरी सगळ्यात तीव्र कोनात तिथेच वळते आणि खडकावर पहिला ठोसाही तिलाच बसतो. शिवाय टिपची फ्रेम आणि नळी इपॉक्सीखाली झाकता येत नाही, म्हणून टायटेनियमचा पैसा इथे वसूल होतो, इतर आठ-नऊ ठिकाणी नाही. नळीचं माप व्हर्नियरने ब्लँकचं टोक मोजून घ्या. अमेरिकी माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतं : 5 म्हणजे साधारण 2 मिमी, 5.5 म्हणजे 2.2, 6 म्हणजे 2.4. टिप इपॉक्सीने चिकटवू नका. हॉट मेल्ट गोंद वापरा, म्हणजे लायटर नळीवर क्षणभर फिरवला की ती सुटते. ब्लँकला आच लागू द्यायची नाही.

घरी आल्यावर मगभर गोडं पाणी वरून ओतायचं. जोराचा फवारा नको, तो पाणी रॅपच्या कडेतून आत ढकलतो. ओला रॉड कापडी कव्हरात घालायचा नाही. महिन्यातून एकदा जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा प्रत्येक रिंगमधून ओढा, धागा अडकला तर रिंगला तडा आहे. आणि प्रत्येक पायाच्या टोकाशी भिंगाने बघा. तपकिरी ठिपका दिसला तर तो एकच गाईड त्याच आठवड्यात काढून, पाय साफ करून पुन्हा बांधा. एक सुटी 6 ची रिंग, त्याच नळीच्या मापाची एक टिप आणि हॉट मेल्टची कांडी टॅकल बॉक्समध्ये असू द्या.