रक्ताच्या स्मिअरसाठी मायक्रोस्कोप : हॅलोजन घ्यावा की एलईडी?

मी मायक्रोस्कोपच्या या दोन्ही दिव्यांवर काम केलंय, तेही मुख्यतः लीशमन स्टेनने (रक्तपेशी रंगवायचं रंगद्रव्य) रंगवलेल्या स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरावर. तेवढ्यापुरतंच बोलतो.

रंगांच्या बाबतीत हॅलोजनला मान द्यावाच लागेल. तापलेल्या फिलॅमेंटच्या प्रकाशात वर्णपट सलग असतो. पांढऱ्या एलईडीत निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर (निळ्या प्रकाशाने पिवळा उजळणारा लेप). त्यामुळे 450 नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा जोर आणि 480 च्या जवळपास खड्डा. इओसिनोफिलचे (एक प्रकारची पांढरी पेशी) नारिंगी दाणे मला अजूनही हॅलोजनखाली जास्त खुललेले वाटतात.

पण हॅलोजन मंद केला की फिलॅमेंटचं तापमान उतरतं आणि प्रकाश पिवळा, मग तांबूस होत जातो. 100एक्स ऑइलला (तेलाचा थेंब टाकून वापरायची सर्वात जास्त मोठं दाखवणारी लेन्स) भरपूर उजेड लागतो. 10एक्सवर तोच डोळ्यांना खुपतो. 40एक्सवर बेताचा ठेवावा, तर मलेरियाच्या रिंगची (लाल पेशीतला अंगठीसारखा परजीवी) निळी कड पिवळ्यात हरवते. निळी काच घालूनही पूर्ण भागत नाही. मग उजेडाच्या नॉबला हात न लावता लोक कंडेन्सरचा (स्लाइडखालची प्रकाश एकवटणारी लेन्स) डायफ्रॅम, म्हणजे प्रकाशाचं छिद्र, मिटतात. उजेड कमी होतो, रंग टिकतो, पण न्यूमरिकल ॲपर्चर (बारीक तपशील वेगळे दाखवण्याची क्षमता ठरवणारं माप) घटतं आणि बारकावे जातात. पेशींच्या कडा जाड, काळ्या दिसतात. लाल पेशीवर बसलेला स्टेनचा गाळ परजीवीसारखा भासू लागतो. लॅबमध्ये कितीही सांगितलं तरी कामाच्या गर्दीत हात डायफ्रॅमकडेच जातो. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, आणि निर्णयही त्यावरच झाला. एलईडी मंद केला तरी रंग जवळजवळ तसाच राहतो, त्यामुळे डायफ्रॅमला कोणी उगाच हात लावत नाही.

हॅलोजन एकाच व्होल्टेजवर ठेवून न्यूट्रल डेन्सिटी फिल्टरने (रंग न बदलता उजेड कमी करणारी करडी काच) उजेड उतरवणं हा शास्त्रशुद्ध उपाय आहे. पण 6 व्होल्ट 20 वॅटच्या रोजच्या मायक्रोस्कोपवर दर स्लाइडला काचा कोण बदलणार?

एलईडी घेताना एक पाहा. काही एलईडी मंद केल्यावर अतिवेगाने चालू-बंद होत राहतात. डोळ्याला कळत नाही, पण मोबाइलच्या फोटोत पट्टे उमटतात. दुकानातच उजेड कमी करून आयपीसमधून फोटो काढा. जुन्या हॅलोजन मायक्रोस्कोपमध्ये एलईडी बसवायचा असेल, तर चिप बरोबर फिलॅमेंटच्या जागी यायला हवी. नाहीतर ऑगस्ट कोलरने 1893 मध्ये मांडलेली, सगळीकडे सारखा उजेड देणारी प्रकाशरचना जुळत नाही आणि फील्ड (मायक्रोस्कोपमधून दिसणारा गोल भाग) एका बाजूला अंधारतं.

काम मुख्यतः बायॉप्सीच्या एच अँड ई स्लाइडचं (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगांनी रंगवलेल्या) असेल आणि उजेड फारसा हलवावा लागत नसेल, तर चालू हॅलोजन काढायची घाई मी करणार नाही.