दादर स्टेशनवर १४ हजारांची मॅक्रो लेन्स घेतली आणि फसलो

पावसाळा लागला की ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जाऊन किड्यामुंग्यांचे फोटो काढायचे हे माझं दोन वर्षं चाललंय, पण कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ च्या किट लेन्सने चतुर किडा म्हणजे नुसती काडी दिसते, म्हणून सेकंडहँड कॅननची १०० एमएम मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून मोठी टिपणारी लेन्स, शोधत होतो. महागड्या एल मालिकेतली नाही, तेवढं बजेट कुठलं, साधी यूएसएम मोटरवाली. एक जाहिरात दिसली, १४ हजार, सोबत अंगठीचा एकदम कडक फोटो. मालक म्हणाला लग्नाच्या ऑर्डरी घेतो, रिंग शॉटला वापरायचो, आता सगळं विकून टाकतोय.

दादरला तिकीट खिडकीजवळ भेटलो. बाहेर धो धो पाऊस म्हणून मी माझा कॅमेरा घरीच ठेवला होता, तिथेच माती खाल्ली. तो म्हणाला काळजी नको, माझ्याच बॉडीवर (कॅमेऱ्यावर) दाखवतो. चार फोटो काढले, ऑटोफोकस सटासट, काच वरून चकाचक. मधेमधे घड्याळ बघत होता, दादा माझी गाडी आहे, पटकन उरका. यूपीआय केलं, हात मिळवला, गेला.

रविवारी येऊरला पानावर एक उड्या मारणारा कोळी मिळाला, ढिम्म हलत नव्हता (असं नशीब रोज नसतं). १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा येतो तेव्हा, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडं म्हणजे २.८ वर असलं की शार्प भाग एक मिलिमीटरसुद्धा नसतो, डोळा आला तर पाय गायब, म्हणून भोक बारीक करून एफ ११ केलं, फ्लॅश लावला, बटण दाबलं आणि स्क्रीनवर एरर ०१, कॉन्टॅक्ट (लेन्स आणि कॅमेरा जोडणारे धातूचे ठिपके) साफ करा. रुमालाने पुसून पुसून थकलो. २.८ वर ठेवलं की फोटो निघतो, जरा पुढे नेलं की एरर! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, त्याने दाखवलेले चारही फोटो २.८ चेच होते. व्ह्यूफाइंडरमधून बघताना अॅपर्चरची पाती पूर्ण उघडीच असतात, मिटतात ती फक्त फोटो काढायच्या क्षणी, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही.

फोन केला तर "भाऊ मी दिली तेव्हा चालू होती", आणि संध्याकाळपर्यंत डीपी गायब, म्हणजे ब्लॉक. पोलिसात जाऊन सांगणार काय, वस्तू तर हातात मिळालीच होती ना.

फोर्टात एका रिपेअरवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी आधी माउंटचे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथले, स्क्रू दाखवले, खाचा घासलेल्या, म्हणजे आधी कोणीतरी उघडून बंद केलेली. मग मागून मोबाइलचा टॉर्च मारला तर आत कडेला पांढरे बारीक धागे, बुरशी. "इसमें तो पहले से जाला है" म्हणाले. कोळ्यासाठी घेतलेल्या लेन्समध्ये जाळं फुकट! अॅपर्चरची फ्लेक्स केबल (पट्टीसारखी पातळ वायर) गेलेली, ती आणि सफाई मिळून साडेपाच हजार सांगितले. स्क्रू बघितल्यावर माझी खात्री पटली, त्याला सगळं माहीत होतं.

तर घ्यायला जाल तेव्हा पाऊस असो नाहीतर वादळ, स्वतःची बॉडी न्या, एफ ११ आणि एफ १६ वर आठ-दहा फोटो काढा, टॉर्च मारा, स्क्रू बघा. घाई करणाऱ्याला म्हणावं जा बाबा तुझ्या गाडीने. आणि स्वस्तातली ७०-३०० घेताना त्यावर मॅक्रो लिहिलंय म्हणून भुलू नका, त्यातल्या बऱ्याच १:२ लाच, म्हणजे अर्ध्या आकारालाच, थांबतात.

मी सध्या किट लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी, तिने आणखी जवळून फोटो येतो) लावतो. कॉन्टॅक्टवाल्याच घ्या, बिनकॉन्टॅक्टच्या अगदी स्वस्त मिळतात पण कॅननला त्यांच्यावर अॅपर्चर बदलत नाही, म्हणजे पुन्हा माझ्यासारखंच उघड्या भोकाचं रडगाणं. फ्लॅशवर टीव्हीच्या खोक्यातला पांढरा फोम रबरबँडने बांधलाय, डिफ्युझर (फ्लॅशचा उजेड मऊ करायला) म्हणून झकास चालतो.

लेन्स अजून रिपेअर केली नाही, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट पडलीय, बाकीच्या लेन्सपासून लांब. कोणाला फक्त २.८ वर वापरायची असेल तर सांगा, बुरशी केबल सगळं दाखवून देईन, आणि हो, कॅमेरा घेऊन या.