आठवणीतली गाणी: एकटं वाटत असेल तर या साईटवर शब्द वाचा

घरापासून लांब राहणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, पुण्यामुंबईत पीजीवर असाल नाहीतर परदेशात. मराठी गाण्यांचे शब्द हवे असतील तर 'आठवणीतली गाणी' ही अलका विभास यांची साईट बघाच. फुकट आहे, गाणं देवनागरीत नीट कडव्यांमध्ये मांडलेलं असतं आणि सोबत गीत, संगीत, स्वर सगळ्यांची नावं. हे नावांचं फार महत्त्वाचं आहे हो, कारण गाण्यांच्या ॲपवर बरेचदा गायकाचं नाव ठळक आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांचा पत्ताच नसतो, आणि बाकी ठिकाणी शब्द मिळाले तरी ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लागलेली.

मी इथे एकटेपणाची गाणी लागोपाठ वाचत बसते आणि वाचताना एक गोष्ट जाणवते, आपल्या भावगीतातला एकटा माणूस स्वतःशी बोलतच नाही, तो कुणालातरी हाक मारत असतो. गदिमांचं 'या चिमण्यांनो परत फिरा रे' घ्या, १९६८ च्या 'जिव्हाळा' सिनेमातलं. ऐकताना श्रीनिवास खळ्यांची चाल आणि लताबाईंचा आवाज इतका ओढून नेतो की मधलं कडवं निसटूनच जातं, पण वाचलं की कळतं, तिन्हीसांजेला पाल चुकचुकली म्हणून घाबरलेली ती आई पुढे सांगतेय की तुमचा गोंगाट आजूबाजूला नसेल तर आमची कामंच उरकत नाहीत! एरवी आई म्हणते गप्प बसा, मला काम करू द्या, आणि इथे नेमकं उलटं. मुलं शिकायला बाहेर गेलेल्या कुठल्याही घरात जाऊन बघा, अगदी हेच चाललेलं असतं.

शांताबाई शेळक्यांचं 'जिवलगा' पण तसंच. पाय थकलेत, डोक्यावर ओझं, सराईचे, म्हणजे वाटेवरच्या धर्मशाळेचे, दरवाजे मिटलेत, आणि तरी ती विचारतेय की मला हृदयाशी केव्हा घेशील. शेवटी ती देवालाच विचारतेय असं वाटतं पण पहिली हाक अगदी आपल्या माणसाला मारल्यासारखी आहे, मला तर दोन्ही खरं वाटतं.

कवी ग्रेसांचं 'भय इथले संपत नाही' मात्र सावकाश वाचा, घाई केली तर हाती काही लागत नाही. तिथेही पहिल्याच ओळीत भीती आणि लगेच तुझी आठवण, म्हणजे घाबरल्यावरही बोलायला 'तू' लागतोच.

नवीन सिनेमांची गाणी शोधत असाल तर इथे फार अपेक्षा ठेवू नका, साईटच्या नावातच काय ते आहे. कवीच्या नावावरून गाणी शोधता येतात, माझं ऐकाल तर शांताबाईंपासून सुरुवात करा, आणि आधी शब्द वाचून मग गाणं लावा. आणि घरी आईबाबांना पण लिंक पाठवा, म्हणजे रात्रीच्या फोनवर 'जेवलीस का'च्या पुढे बोलायला काहीतरी मिळतं.