हेरिटेज हॉटेल: जुनी वास्तू घ्यायची की नवीन बांधायची?

लक्झरी हॉटेल काढायचंय, पर्यावरणाला धरून आणि तिथल्याच जुन्या बांधकामाच्या वळणाचं, तर आर्किटेक्ट गाठायच्या आधी एवढं ठरवा की जुनी वास्तू दुरुस्त करायची का मोकळ्या प्लॉटवर नवीन बांधायचं.

जुन्यात भिंती उभ्याच असतात, म्हणजे नवीन सिमेंट कमी लागतं, हा मोठा फायदा. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ८ टक्के एकट्या सिमेंटपायी होतो, आणि तो नुसता इंधनाचा नाही, चुनखडी भाजली की दगडातूनच निघतो, त्यामुळे भट्टी सोलरवर चालवली तरी तेवढा टळत नाही. राजस्थानातला निमराणाचा किल्ला १४६४ चा, हॉटेल झालं १९९१ ला. स्पेनची पारादोर ही सरकारी साखळी तर १९२८ पासूनची, त्यातली कितीतरी हॉटेलं किल्ल्यांत नाहीतर मठांत आहेत.

पण बाथरूम! खरी मारामारी तिथेच. प्रत्येक खोलीला एक पाहिजे, पाइपला उतार पाहिजे, म्हणून फरशी पायरीभर उचला, खाली लाकडी तक्तपोशी असेल तर वॉटरप्रूफिंगची धाकधूक कायमची. शिवाय कॉन्ट्रॅक्टर घाईत चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून मोकळा होतो. अशा एका ठिकाणी राहिलोय, उशाजवळच्या भिंतीला हात लावला तर बोटांना पांढरी पावडर, खाली पोपडे पडलेले, कारण आतली ओल सिमेंट बाहेर सोडत नाही आणि क्षार फुटून वर येतात. गिलावा चुन्याचाच करा, थर वाळायला वेळ घेतो, तेव्हा उद्घाटनाची पत्रिका आधी छापू नका.

नवीन बांधलं तर लिफ्ट, ड्रेनेज, पावसाच्या पाण्याची टाकी सगळं मनासारखं. फक्त आरसीसीचा सांगाडा करून वर फायबरच्या कमानी चिकटवणार असाल तर राहू द्या, तो लग्नाचा सेट झाला. जुन्याची नक्षी नाही, अक्कल घ्यायची. चौक, खोल छज्जा, जाळी. दीड-दोन फुटी भिंतीतून दुपारची उष्णता आत यायला बरेच तास लागतात, तोवर बाहेर गार झालेलं असतं, खिडक्या उघडल्या की झालं. रात्रीही दमट उकाडा असेल तिथे मात्र जाड भिंत फारशी कामाची नाही, तिथे सावली आणि आरपार वारा. श्रीलंकेत आर्किटेक्ट जेफ्री बावांनी कंदलामा हॉटेल (१९९४) डोंगराच्या कड्याला लागून बांधलं आणि अंगावर झाडंवेली वाढू दिल्या, नक्षी शोधून सापडणार नाही.

वीसेक खोल्यांत भागणार असेल आणि पाया धड असेल तर जुनीच घ्या. साठ खोल्या आणि बँक्वेट हवा असेल तर नवीन, जुनीला पिळू नका. माझं मत विचाराल तर जुन्यात लॉबी आणि मोजक्या खोल्या, मागे बसकं नवीन बांधकाम.

आणि जुनी घेणार असाल तर सौदा पक्का करायच्या आधी भर पावसात एकदा जाऊन या, छत कुठे गळतं आणि भिंतीत ओल किती वर चढते ते तेव्हाच दिसतं.