प्रागमध्ये युरो बदलायचेत? आधी हे वाचा

चेक प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्येही (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा असला की तिथला वेगळा लागत नाही. पण तिथे युरो नाही. तिथलं चलन कोरुना. पर्यटकांच्या भागातली काही दुकानं युरो घेतात, फक्त भाव त्यांच्या मनाचा लावतात. म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रियाकडून येणारा प्रत्येक जण उतरल्या उतरल्या पैसे बदलायला निघतो, आणि हे तिथल्या रस्त्यावरच्या ठगांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आम्ही ड्रेस्डेनहून गेलो. मुलगा तिथे शिकतो. सोबत माझे दीर आणि जाऊबाई होत्या. गाडी एल्बे नदीच्या काठाकाठाने जाते, बाद शांडाऊ हे जर्मनीतलं शेवटचं स्टेशन आणि देचीन हे चेकमधलं पहिलं. मध्ये सीमा कधी ओलांडली तेही कळत नाही. डब्यातल्या घोषणांची भाषा तेवढी बदलते. खिशातले पैसे अर्थात युरोच राहतात.

सहलीचा सामायिक खर्च भाऊजींकडे होता. त्यांची सगळी नोकरी बँकेत, तीही बरीच वर्षं कॅशला. नोटांचं बंडल हातात घेतलं की अंगठा आपोआप चालायला लागतो. हे मुद्दाम सांगते, कारण ‘भोळी माणसं फसतात’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

प्रागमधला वेन्सेस्लास चौक म्हणजे चौक नव्हे, लांबलचक उतरता रस्ता आहे. दोन्ही बाजूंना हॉटेलं, दुकानं आणि दर थोड्या अंतरावर पैसे बदलण्याचे काउंटर. आम्ही एका काउंटरबाहेरचा बोर्ड वाचत उभे होतो. शेजारी एक नीटनेटका माणूस आला, चांगलं जाकीट, हातात मोबाइल. हळू आवाजात म्हणाला, आत जाऊ नका, लुटतात. त्याने मोबाइलवर त्या दिवसाचा खरा दर दाखवला, युरोला पंचवीसच्या आसपास. मी चोवीस देतो म्हणाला, कारण मला जर्मनीला जायचंय, मलाच युरो हवेत. वर, पहिल्यांदा थोडेच बदला, म्हणाला. बोर्डावरचा दर खरोखर वाईट होता, म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता. तिथपर्यंत तरी.

भाऊजींनी शंभर युरो दिले. त्याने २,४०० मोजून दिले. भाऊजींनी स्वतः मोजले, बरोबर भरले. वर आणि खाली दोनशेची एकेक खरी चेक नोट होती, मध्ये हजाराच्या दोन. माणूस हसून, हात मिळवून गेला. घाई नाही, पळापळ नाही. मोजणीत खोट नव्हतीच, मधल्या दोन नोटाच त्या देशाच्या नव्हत्या.

उलगडा झाला तो ओल्ड टाउन स्क्वेअरमध्ये. तिथे लाकडाच्या निखाऱ्यांवर डुकराच्या मांड्या फिरवत भाजतात, वास अख्ख्या चौकात. (न खाणाऱ्यांना लांबूनच नमस्कार करावा लागतो, जाऊबाईंनी केला.) पाटीवरचा आकडा स्वस्त दिसतो, कारण तो १०० ग्रॅमचा असतो. विकणारा विचारत नाही, कापत जातो. आमच्या बशीत पावकिलोच्या वर पडलं आणि बिल अंदाजाच्या जवळपास तिप्पट झालं. यात बेकायदा काही नाही, पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तोंडाने ‘दीडशे ग्रॅम’ सांगून कापायच्या आधी वजन दाखवायला लावलं तर हा प्रश्न येत नाही.

भाऊजींनी हजाराची नोट पुढे केली. मुलीने ती उलटसुलट केली, परत दिली आणि मान हलवली. तेव्हा आमच्या ह्यांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, अरे, ही अक्षरं रशियन आहेत! सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्याकडे गावोगाव सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं भरायची, गुळगुळीत कागदाची पुस्तकं चार-दोन रुपयांत मिळायची. ह्यांना त्या मुखपृष्ठांवरची लिपी आठवली. भाषा रशियन नव्हती, बल्गेरियन होती, पण लिपी तीच. बल्गेरियाने १९९९ मध्ये चलनातली तीन शून्यं उडवली आणि हजार जुन्या लेव्हाची एक नवी लेव्हा केली. त्या जुन्या नोटा आज रद्दी आहेत. बेलारूसनेही २०१६ मध्ये चार शून्यं काढली, त्यांच्याही जुन्या नोटा प्रागच्या रस्त्यावर अशाच खपवल्या जातात. छान छापलेल्या, वॉटरमार्क असलेल्या, अगदी अस्सल नोटा. बँकेतल्या माणसाचं बोट कागद ओळखतं, त्यामुळे कागदाने दगा दिलाच नाही. आमचे गेले चौऱ्याऐंशी युरोच्या आसपास, म्हणजे आठेक हजार रुपये.

म्हणून चेक नोट कशी असते ते जायच्या आधीच डोळ्याखालून घाला. अक्षरं आपल्या इंग्रजीसारखी रोमन, काहींच्या डोक्यावर छोट्या खुणा. वर ‘चेस्का नारोद्नी बांका’ असं बँकेचं नाव. शंभरवर राजा चौथा चार्ल्स, ज्याच्या काळात, १३५७ मध्ये, चार्ल्स पुलाचं काम सुरू झालं. दोनशेवर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस. बी.एड. केलेल्यांना हे गृहस्थ पेपरातून भेटलेले असतात, मला तर नोट पाहूनच परीक्षेची धडकी भरली. पाचशेवर लेखिका बोझेना न्येमत्सोवा, हजारावर इतिहासकार पालात्स्की. दोन हजारावर गायिका एमा देस्तिनोवा, पाच हजारावर चेकोस्लोव्हाकियाचे पहिले अध्यक्ष मासारिक. पन्नास आणि त्याखालची सगळी नाणी. नोटेवरची अक्षरं वाचता येत नाहीत असं वाटलं, तर ती नोट घेऊ नका.

आम्ही पोलिसांकडे गेलो. वेन्सेस्लास चौकाच्या खालच्या टोकाजवळ युंगमन चौकात पोलीस ठाणं आहे, तिथे परदेशी लोकांसाठी दुभाष्या मिळतो. तक्रार लिहून घेतली, चांगलं वागले. पैसे परत येतील असं त्यांनी म्हटलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पोलिसांचा नंबर १५८. सगळ्या युरोपात चालणारा ११२ तिथेही लागतो.

आता काउंटरबद्दल. तिथला दर वाईट असला, तरी तिथे कायदा आपल्या बाजूने आहे. एप्रिल २०१९ पासून हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, कारण सांगावं लागत नाही. मात्र पावती हवी. दुकानाबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे पावती नसते, आणि त्याच्यासाठी हा नियमही नसतो. ‘झिरो कमिशन’ ही मोठी पाटी वाचून आत जाऊ नका. कमिशन नसतं कारण ते दरातच घातलेलं असतं. ‘शंभर युरोला हातात किती कोरुना?’ एवढं विचारा, आकडा कागदावर लिहून घ्या आणि मगच पाकीट काढा.

खरं तर बदलायची गरजच फार कमी असते. ट्रॅममध्येच कार्ड टेकवून तिकीट मिळतं. (कागदी तिकीट घेतलं तर पिवळ्या यंत्रात शिक्का मारा, नाहीतर तिकीट असूनही दंड.) कार्ड वापरताना एकच खुबी लक्षात ठेवा: मशीन विचारतं, युरोत किंवा रुपयांत भरायचं का? रुपये पाहून आपल्याला बरं वाटतं, पण तो दर मशीनवाल्याचा असतो. नेहमी कोरुना निवडा. एटीएमवरही तेच, ‘कन्व्हर्जन’ नको म्हणा. कोपऱ्याकोपऱ्यावर चकचकीत उभी असलेली स्वतंत्र एटीएम टाळा आणि बँकेच्या भिंतीतल्या मशीनमधून काढा. आपल्या साध्या डेबिट कार्डावर बँक परदेशी व्यवहारासाठी साधारण साडेतीन टक्के लावते, तेव्हा फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं कार्ड) काढलेलं बरं.

ओल्ड टाउन स्क्वेअरमधलं खगोलीय घड्याळ १४१० चं आहे, दर तासाला वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात. त्या वेळी खाली सगळ्यांच्या माना वर आणि खिसे मोकळे. पाकीटमारांना याहून सोयीचा मुहूर्त नाही. पर्स पोटाशी घ्या.

साध्या कपड्यातला कोणी ‘पोलीस’ म्हणून पुढे आला आणि तुमच्या नोटा तपासायच्या आहेत म्हणाला, तर पाकीट त्याच्या हातात देऊ नका. चला ठाण्यावर, म्हणा, किंवा त्याच्यासमोरच १५८ लावा. आमच्यावर ही वेळ आली नाही, पण रस्त्यावर पैसे बदलणाऱ्यांचे जोडीदार असेही येतात असं ठाण्यावर कळलं.

निघायच्या दिवशी उरलेली नाणी सुपरमार्केटात संपवा, बदलून देणारे नाणी घेत नाहीत. आमच्या नाण्यांची बिस्किटं आली.