कंपवातावरचा अर्क आणि आम्ही बंद केलेल्या गोळ्या

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहा वर्षांपासून पार्किन्सन, म्हणजेच कंपवात आहे. गोळ्यांवर बरं चाललं होतं. सकाळी गंगापूर रोडला चक्कर मारून यायचे. गेल्या पावसाळ्यात पंचवटीतल्या ओळखीच्यांनी एका वैद्याचं पत्रक दिलं: ‘कंपवात मुळापासून बरा’. त्र्यंबकच्या डोंगरातली जडीबुटी, मुख्य औषध कवचबीज. तीन महिन्यांचा कोर्स, २१ हजार, रोख. पावती मागितली तर म्हणे, “ही सेवा आहे, ताई.”

आम्ही फसलो ते गुण आला म्हणून. चौथ्या दिवशी दादांनी चहाचा कप न सांडता तोंडाला लावला. आई देवापुढे बसून रडली. आठवड्याभरात मान, हात आपोआप वळवळायला लागले. फोनवर उत्तर मिळालं, “विष बाहेर पडतंय. आता इंग्रजी गोळ्या बंद करा.” आणि मी त्या बंद केल्या. हे लिहिताना आजही हात जड होतो.

तिसऱ्या रात्री दादांना कूस वळता येईना. अंग लाकडासारखं ताठ, ताप, पाणीही गिळवेना. रात्रीच दवाखान्यात दाखल केलं.

न्यूरॉलॉजिस्टनी समजावलं. कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी. त्यात लेव्होडोपा असतं, दादांच्या गोळीतलंच द्रव्य. १९३७ सालीच मद्रासच्या संशोधकांनी ते या बियांतून वेगळं काढलं होतं. म्हणजे आधी डोस वाढला होता. कप धरता आला तो त्यामुळेच, आणि वळवळही त्यामुळेच. पुढे गोळ्या थांबल्या आणि आधार एकदम गेला. गोळीत कार्बिडोपाही असतं, म्हणून लेव्होडोपा वाटेत न संपता मेंदूपर्यंत पोचतं; नुसत्या बियांत ते नसतं. बाटलीवर तर किती मात्रा, परवाना क्रमांक, मुदत, काहीच नव्हतं.

माझा राग कुयलीवर नाही. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांना तिची पूड १५ आणि ३० ग्रॅम मोजून देऊन पाहिली होती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि गुणही दिसला होता. पण आजार मुळापासून जातो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मेंदूचे आजार बरे करतो अशी जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच बंद आहे, हे मला फार उशिरा कळलं.

तुमच्या घरी असा अर्क चालू असेल तर बाटली घेऊन आजच आपल्या डॉक्टरांकडे जा. कुणीही सांगितलं तरी गोळ्या एकदम थांबवू नका.

उरलेल्या दोन बाटल्या आणि ते पत्रक मी जपून ठेवलंय. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. दादा आता काठी घेऊन गच्चीपर्यंत जातात.